चादरीवरची आठ बोटं

अप्पा, तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले. त्यातले आठ दिवस मी तुमची बोटं धुण्यात घालवले.

हसू नका, खरं सांगतेय. आमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीखाली पाट घेतला, परातीत कोमट पाणी घेतलं आणि तुमच्या यंत्रांच्या फोटोंच्या सगळ्या काचेच्या निगेटिव्ह, म्हणजे आपल्या भाषेत प्लेटा, एकेक करून ओल्या कापसाने पुसायला बसले. काचेच्या पाठीला मीच कधीकाळी लावलेला लाल रंग सुटत गेला. प्लेट उजेडासमोर धरली की यंत्रामागच्या पांढऱ्या चादरीच्या वरच्या काठावर आठ बोटं दिसायची. अंगठे मागे, आठ बोटं पुढे. आणि चादर खाली संपते तिथे दोन पावलं. एका प्लेटमध्ये तर डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा तांब्याच्या तारेनं बांधलेला आहे. मोटरच्या वाइंडिंगची तार ती, मी ओळखली. अख्ख्या जिल्ह्याच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःची चप्पल शिवून आणायला सवड नव्हती.

हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. पण उद्या दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून थोडं तुमचंच तुम्हाला सांगते.

नाशिक रोड स्टेशनच्या मागच्या अंगाला तुमची पत्र्याची शेड. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीतलं होतं नव्हतं ते पाणी उपसायचं, तर वीज धड नाही. तीन फेजपैकी एक गेली की मोटर जळायची, आणि शेतकरी ती बैलगाडीत घालून तुमच्याकडे आणायचा. तुम्ही जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देता देता वैतागलात आणि मोटर जळूच नये अशी पेटी करायला बसलात. एक फेज गेली की पेटी खटकन मोटर बंद करायची. पुढे रेल्वेच्या सिग्नलसाठी डबी केलीत. एक दिवा गेला की दुसरा आपोआप लागायचा. आणि मग तुमची घंटा. फाटकाच्या अलीकडे बऱ्याच अंतरावर गाडी रुळावरून गेली की गेटमनच्या खोलीत घंटा वाजायला लागायची, आणि फाटक पूर्ण लागेपर्यंत ती थांबायचीच नाही. गेटमन झोपलेला असो, जेवत असो, बायकोशी भांडत असो. "माझ्या घंटेला लाजलज्जा नाही," असं तुम्ही मोठ्या कौतुकानं सांगायचात.

नव्या वस्तूचा पहिला नग तयार झाला की फोटो काढायचा, हा तुमचा रिवाज. नारळ नंतर, फोटो आधी. आमचे हे जुना तिपाईवरचा कॅमेरा घेऊन यायचे. सगळी दुनिया फिल्मवर गेली तरी यांची काच काही सुटली नाही, आणि तुम्हालाही काचच हवी असायची, कारण तीत स्क्रूचे आटेसुद्धा मोजता येतात. मी रिटचिंग करणारी, म्हणजे प्लेटेवरचं नको ते झाकणारी-खरवडणारी. शेडमध्ये सगळीकडे काळोख, तेल आणि पसारा. त्यात काळं यंत्र उठून दिसणार कसं? म्हणून मागे पांढरी चादर धरायची. ती तुमच्या घरची, काकूंच्या कपाटातली. चादर परत गेली की तिच्यावर तेलाचे हात उमटलेले असायचे आणि काकू तुम्हाला जेवताना वाढता वाढता ऐकवायच्या. चादरीच्या वरच्या शिवणीत एक काठी घातलेली, आणि काठी धरायला मागे तुम्ही. स्वतः मालक.

"अहो अप्पा, दुसऱ्या कुणालाही धरू द्या," हे म्हणायचे.

"त्यांचे हात हलतात," तुम्ही म्हणायचात.

आणि यंत्राशेजारी कोण उभं राहणार? ज्याच्या हातानं पहिला नग जुळला तो कामगार. धुतलेला शर्ट घालून, केस चापून. कॅटलॉग छापणारे सांगून दमले की माणूस नको, नुसतं यंत्र द्या, जगात सगळे तसंच छापतात. तुम्ही ऐकलं नाहीत. मी मग प्लेट घरी आणायची, ब्रशने लाल रंग लावून यंत्र आणि माणूस तेवढे ठेवायचे आणि बाकी सगळं झाकून टाकायचं. लाल रंगातून उजेड जात नाही, म्हणून तेवढा भाग कागदावर कोरा पांढरा उमटतो. त्या झाकण्यात तुमची बोटं जायची. पावलंही जायची. तुम्ही स्टुडिओत यायचात आणि दारातूनच ओरडायचात, "शकूबाई, कापलीस का माझी बोटं? काप, काप. उद्या परत घेऊन येतो!"

त्या कोऱ्या पांढऱ्याचा मला फार अभिमान आहे, अप्पा. तुमच्या कॅटलॉगातलं एकही यंत्र काठावर फाटलेलं नाही. तारेचं वेटोळं असलं तरी प्रत्येक दोन फेऱ्यांमधली फट मी पांढरी ठेवलीय. माझे वडील नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये कामाला होते, नोटा तपासायच्या खात्यात. ते म्हणायचे, पोरी, चूक दुसऱ्याला दिसायच्या आधी आपल्याला दिसली पाहिजे. दिल्लीच्या कुठल्या साहेबानं तुमचा कॅटलॉग बघून विचारलं होतं ना, की हे फोटो मुंबईत कुठे काढले? तुम्ही आमच्या दुकानात येऊन हे सांगितलंत आणि वर म्हणालात, "मी सांगितलं, आमच्या शकूबाईकडे." मी त्या दिवशी घरी जाताना हवेत चालले.

पण आपलं भांडण त्याच बोटांवरून. मी म्हणायची, एकदा तरी पुढे येऊन उभे राहा. उद्या कुणाला कळणार हे तुम्ही केलं म्हणून? तुम्ही म्हणायचात, "घंटा वाजली की कळेल." मी म्हणायची, घंटेवर नाव नसतं. तुम्ही म्हणायचात, "मग बरंच आहे, नीट वाजेल." असं बोलून तुम्ही चहा फुर्रकन ओढायचात आणि विषय संपला असं समजायचात. माझा कधीच संपला नाही. एकदा मी चिडून तोंडावर सांगितलं होतं, की अप्पा, तुमचा हा न दिसण्याचा हट्ट म्हणजेसुद्धा एक तोराच आहे. तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. मला वाटलं आता बोलणंच बंद होणार. तुम्ही म्हणालात, "आहेच मुळी. पण तो मला परवडतो."

आता ते सांगते, जे तुम्ही असताना सांगितलं नाही.

घंटेची चाचणी झाली ते फाटक आठवतं ना? घोटीच्या अलीकडचं, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. पहिला नग जुळवला होता किसननं. किसन पलीकडच्या डोंगरातला, पावसाळ्यात घरच्या भाताला जायचा आणि सुगी झाली की पुन्हा तुमच्याकडे. त्याची बोटं इतकी जाड की त्यानं घड्याळासारखं नाजूक काम करावं यावर रेल्वेच्या साहेबांचा विश्वासच बसेना. घंटेची पेटी गेटमनच्या खोलीच्या भिंतीला, दाराला लागून बसवलेली. साहेबांनी बजावलं होतं, फोटोत जागा दिसली पाहिजे. फाटक, खोली, सगळं. कोरं पांढरं चालणार नाही. म्हणजे माझ्या लाल रंगाची त्या दिवशी सुट्टी. पेटी काळी, भिंत धुरानं काळवंडलेली, म्हणून पेटी आणि भिंत यांच्या फटीत पेटीपुरती चादर. चादर धरून तुम्ही दाराच्या आत. पेटीशेजारी किसन, ताठ, कॅमेऱ्याकडे बघत.

मी लांब बाभळीखाली प्लेटांची पेटी सांभाळत बसले होते, मला खोलीचं दार दिसत नव्हतं. हे हातात घड्याळ घेऊन, गाडी येते कधी ते बघत. आणि घंटा वाजली. काय वाजली हो! साहेब दचकून एक पाऊल मागे गेले. गेटमन धावत सुटला आणि फाटक लागेपर्यंत ती बोंबलत राहिली, फाटक लागलं आणि चिडीचूप. यांनी रुळावरची नजर न काढताच त्याच दणक्यात बटण दाबलं.

मी घरी येऊन प्लेट काळोखात औषधाच्या पाण्यात धुतली, आणि त्यात तुम्ही होतात.

बोटं नव्हे, तुम्ही. चादर तुमच्या हातातून खाली सरकलेली आणि दाराच्या काळोखातून तुमचा चेहरा बाहेर आलेला. अख्खा. मी ओल्या प्लेटचा घाईघाईनं कागदावर एक ठसा काढून बघितला. तुम्हाला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही.

साहेबांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो हवा होता. मी यांना विचारलं, अप्पा आलेत यात, काय करू? हे ठसा न बघताच म्हणाले, "काढून टाक. त्यांचा नियम तुला माहीत नाही? मालक फोटोत नाही." आणि अप्पा, मी क्षणभरही थांबले नाही हो. उलट मला वाटलं, अप्पा खूश होतील. रंग लावून भागणार नव्हतं, कारण रंगानं दार पांढरं झालं असतं आणि दारात काळोख हवा होता. म्हणून मी चाकू घेतला. रिटचिंगचा तो बारीक चाकू. काचेवरचा तुमचा चेहरा कणाकणानं खरवडून काढला. खरवडलं की तेवढा भाग कागदावर काळा येतो. दाराच्या काळ्यात तुमचा काळा असा मिसळला की कुणाला शंका येऊ नये. आदल्या ठशावर डागच डाग होते, म्हणून तो मी चुलीत टाकला. मी कामात चोख आहे ना.

तुम्ही फोटो पाहिलात आणि म्हणालात, "झकास! किसन काय रुबाबदार आलाय बघ." तुमच्याच नियमापायी मी तुम्हाला पुसलं आणि तुम्ही मला शाबासकी दिलीत. नंतर किती वेळा वाटलं सांगावं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा तर मी सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही मला बघताच दोन्ही हात पांघरुणावर काढून दाखवलेत, दहाची दहा बोटं, आणि डोळे मिचकावलेत. मी मोसंबी सोलून दिली आणि परत आले.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी तुमचा विलास आमच्याकडे आला. शेडमध्ये शोकसभा घ्यायची आणि तिथे सगळ्या यंत्रांचे फोटो मोठे करून लावायचे, असं कामगारांनी ठरवलं होतं. विलासनं कॅटलॉगचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "शकूमावशी, एवढे फोटो आहेत, बाबा एकाही ठिकाणी नाहीत. आईनं माझ्याकडे एकच मागितलंय. बाबा आणि त्यांचं मशीन, एकत्र. मी काय दाखवू तिला?" त्यानं खिशातून तुमचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो काढला. "हा घ्या. घंटेच्या फोटोत दार आहे ना, काळं? त्यात बसवून द्या. तुम्ही केलंत तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

मी हो म्हटलं, अप्पा. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार होते? घेतलेलं परत करायची संधीच चालून आली होती. दुसऱ्या दिवशी मी तुमचा चेहरा कात्रीनं कापला, मोठ्या फोटोवर ठेवला, आणि तो दारात असा बरोब्बर बसला की माझ्या अंगावर काटा आला. जिथून मी तुम्हाला खरवडलं होतं, नेमक्या त्याच जागी. पण तो चेहरा पासपोर्टचा. ओठ मिटलेले, नजर सरकारी. त्या घंटेच्या दणक्यात हा माणूस असा उभा होता, हे काकू उरलेल्या आयुष्यभर भिंतीवर बघणार होत्या. आणि माझं काम इतकं चोख झालं असतं की त्यांचा विश्वास बसला असता. मी चेहरा उचलून पाकिटात ठेवला, बाहेर येऊन उभी राहिले आणि भर दुपारी, रस्त्यावर, रडले. मग आत गेले, परात काढली आणि बाकीच्या प्लेटा धुवायला बसले. तेवढंच तर माझ्या हातात होतं.

परवा शेड अशी सजली होती, की तुम्ही असतात तर पसारा कुठे गेला म्हणून ओरडला असतात. कामगारांनी या खांबापासून त्या खांबापर्यंत तारा ताणून फोटो टांगले होते. कॅटलॉगातले नव्हेत, धुतलेल्या प्लेटांवरून काढलेले, बोटांसकट. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येकजण शर्ट नीट करत स्वतःलाच शोधत होता. मग वाइंडिंगच्या खात्यातला कुणीतरी ओरडला, "आरं, ह्ये अप्पाच की!" आणि मग जी गर्दी झाली! बायका आपापल्या नवऱ्याच्या फोटोपाशी उभ्या राहून तुमची बोटं मोजत होत्या. तीन तालुक्यांतल्या विहिरींवर बसलेल्या पेट्या, सिग्नलच्या डब्या, आणि प्रत्येकीच्या मागे चादर ताणून धरणारा माणूस. मला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. अप्पा, तुम्ही भांडण हरलात. मालक दिसलाच शेवटी.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्या एकेक फोटो मागवून मांडीवर घेऊन बघत होत्या. एका फोटोत चादरीवरचा डाग दिसला तर म्हणाल्या, "ही तर माझ्या माहेरची!" आणि शेवटी त्यांनी घंटेचा फोटो मागितला.

विलासनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटत होतं, तुम्ही दारात असाल. मी जसा होता तसा फोटो काकूंच्या हातात दिला. पेटी, चादर, किसन, आणि काळं दार.

"मावशी, तुम्ही बसवून देणार होतात ना?" विलासचा आवाज चढला.

मग मी सांगितलं. काकूंच्या पायाशी बसून, सगळ्यांच्या देखत. चाकू, ठसा, चूल, सगळं. विलास पांढराफटक पडला. "बाबांचा तसला एकच फोटो होता, आणि तुम्ही तो..." तो तोंड फिरवून शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याचा राग खरा होता आणि मला तो घ्यायलाच हवा होता.

किसन पुढे आला. त्याचेही केस आता पांढरे झालेत. फोटो निरखत म्हणाला, "हसल्याचा आवाज मला आला व्हता, काकू. लय मोठ्यानं हसलं. पण मला सांगितलेलं, कॅमेऱ्याकडं बघ, मान वळवायची नाय. तोंड नाय बघितलं मी."

काकू माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता जे ऐकायचं ते ऐकू.

"तू एकटीनंच बघितलंस तर," त्या म्हणाल्या. "कसे हसत होते गं?"

मला एवढंच विचारलं त्यांनी, अप्पा. मी सांगायला लागले. चष्मा कपाळावर सरकलेला, खालचा एक दात नाही तो कळतोय, एक डोळा जवळजवळ मिटलेला, गालावर काजळीचा पट्टा. काकू मध्येच म्हणाल्या, "कुठल्या बाजूला?" मी म्हटलं उजव्या. आणि ते घंटेकडे बघत नव्हते, साहेबांकडे नाही, कॅमेऱ्याकडेही नाही, हेही सांगितलं. काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग फोटो माझ्या मांडीवर ठेवला, त्या काळ्या दारावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "लिही इथे. मला वाचता येतं."

विलासच जाऊन आमच्या स्टुडिओतून पांढरी शाई आणि बारीक ब्रश घेऊन आला. त्यानं बाटलीचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. माझा हात कधी हलत नाही, परवा हलला. तसंच लिहिलं. फोटो आता तुमच्या घरी, बाहेरच्या खोलीत लावलाय. दाराच्या काळोखात, तुमचा चेहरा होता तेवढ्याच जागेत, माझ्या वेड्यावाकड्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय:

येथे अप्पा आहेत. मोठ्यांदा हसत आहेत. किसनकडे बघत आहेत.